एदूलेला एदूलेच राहू दे

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबतचे कोष्टकही. प्रेम, शोक, मायभूमी असे तीन रकाने तू आखले आहेस, त्यांखाली कुर्दी किलामांची, म्हणजे गाऊन सांगायच्या लांब गीतांची, नावे लिहिली आहेस, आणि त्यांतली निम्मी नावे एका रकान्यातून दुसऱ्यात नेऊन पुन्हा खोडली आहेस. शेवटी थकून तू विचारतेस की ही सगळी प्रेमगीते मुळात मायभूमीचीच गीते आहेत, त्यांतली प्रेयसी हे केवळ रूपक आहे, असे एकदाचे मान्य केले तर प्रबंधाचा गुंता सुटणार नाही का. तुझ्या मार्गदर्शकांचे तेच मत आहे, वसतिगृहातल्या कुर्दी मित्रानेही तेच सांगितले, असेही तू लिहितेस.

गुंता सुटेल, पण किलामही हातचे जाईल. या विषयात इतकी वर्षे काढल्यावर माझ्यापाशी तुला देण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मी या पत्रात पुन:पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच: प्रेयसी ही आधी प्रेयसी आहे. तिला देश करण्याची घाई करू नकोस.

दरवेशे एवदीचे किलाम पुन्हा काढून बैस. दरवेश हा येझिदी धर्माचा, आणि एदूले ही मिल्ली टोळीच्या मुसलमान प्रमुखाची, तेमिर पाशाची मुलगी. येझिदी आपल्या धर्माबाहेर लग्न करत नाहीत, त्यामुळे या प्रेमाला घरचा उंबरठा कधी लाभणार नव्हता. शत्रू चालून येतो तेव्हा पाशा आपल्या बैठकीत कॉफीचा प्याला फिरवतो. जो कोणी तो प्याला पिईल त्याने लढाईला जायचे आणि त्याला एदूले मिळायची. भल्याभल्यांच्या माना खाली जातात. कथेच्या प्रचलित रूपात तो प्याला घेऊन फिरते ती स्वतः एदूलेच, आणि तो उचलतो दरवेश. मूठभर साथीदार घेऊन तो मैदानात उतरतो, त्याचा हिदमान नावाचा घोडा उंदरांनी पोखरलेल्या जमिनीत पाय अडकून कोसळतो, आणि एदूले त्याला शोधत येते तेव्हा त्याचा जीव जाण्याच्या बेतात असतो. किलाममधला विलाप तिच्या तोंडचा आहे. ज्या हातांनी तिने प्याला पुढे केला त्याच हातांनी आता ती त्याच्या जखमा चाचपते आहे. तू तिच्या जागी कुर्दिस्तान ठेवलास की प्याला देणाऱ्या हातांचे काय करशील? देश कोणाला प्याला नेऊन देत नाही आणि नंतर त्यासाठी स्वतःला दोषही देत नाही. या किलामचा सगळा भार त्या स्वतःला लावलेल्या दोषावर आहे, आणि रूपक केले की नेमका तोच नाहीसा होतो.

तू मजकूर लिहून काढतेस तेव्हा ‘लो’ आणि ‘ले’ ही संबोधने गाळतेस, असे तुझ्या टिपणांवरून दिसते. ती तुला भरीची वाटली असावीत. ती भरीची नाहीत. पुरुषाला हाक मारताना ‘लो’ येते आणि स्त्रीला हाक मारताना ‘ले’, आणि देंगबेज, म्हणजे ही किलामे गाणारा गायक, एकटाच, बहुधा कोणतेही वाद्य न घेता, कानामागे हात धरून गात असल्याने कोण कोणाशी बोलते आहे हे कळायला तुझ्यापाशी याहून भक्कम खूण नाही. एकाच श्वासात शब्दांची लांबच लांब माळ जवळजवळ एकाच स्वरावर ओतायची, मग खाली उतरून एखादा स्वर दम संपेपर्यंत धरून ठेवायचा, ही त्यांची रीत; कडव्यांची लांबी सारखी नसते, यमक मिळेल तिथवर ओढलेले असते. अशा प्रवाहात ‘लो’ ऐकू आले की समजावे, इथे बाई बोलते आहे. आणि तू नीट मोजलेस तर थक्क होशील, कारण खर्जातल्या आवाजाचे, मिशाळ, पन्नाशी ओलांडलेले पुरुष जी प्रेमाची किलामे गातात त्यांतली कितीतरी बाईच्या तोंडची आहेत.

माझ्या हट्टाचे मूळ इथे आहे. ही किलामे मुळात पुष्कळशी बायकांनी रचली. परक्या पुरुषांपुढे गाणे लाजिरवाणे मानले गेल्यामुळे ती पुरुषांच्या गळ्यातून बाहेर आली. त्यांत बाई काय म्हणते? बापाने पैशासाठी मला म्हाताऱ्याला दिले. चुलतभावाने हक्क सांगितला म्हणून माझे लग्न मोडले. दोन घराण्यांच्या वैरात माझा माणूस मारला गेला, आणि मारणारा माझाच भाऊ होता. ज्या बाईला हे उघड बोलता येत नव्हते तिने ते गाण्यात बोलून ठेवले, आणि आता आपण विद्यापीठांतली शहाणी माणसे म्हणतो की बाई, तुझे दुःख हे खरे तर राष्ट्राचे दुःख आहे. तिच्या बापाने तिचे ऐकले नाही, आपणही ऐकत नाही. फरक इतकाच की आपण तळटीप देऊन ऐकत नाही. आपल्या जात्यावरच्या ओवीतला भाऊराया हा कोणा समीक्षकाने भारतवर्ष ठरवला असता तर तुझी आजी काय म्हणाली असती, याचा विचार कर.

मी बर्लिनला नोकरीनिमित्त राहत होते तेव्हा खालच्या मजल्यावर तुर्कीतल्या वान सरोवराच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातून आलेली म्हातारी राहत असे. कुर्मांजी ही कुर्दी बोली मला शिकवली ती तिने, स्वयंपाकघरात, भांडी विसळता विसळता. तिच्यापाशी शाकिरो या देंगबेजाच्या कॅसेटी होत्या, वारंवार वाजवून आवाज घोगरा झालेल्या, आणि कव्हरांवर पेन्सिलीने केलेल्या खुणा फक्त तिलाच समजणाऱ्या. ती कॅसेट मध्येच बोटाने थांबवायची आणि एखाद्या नावाशी अडून बसायची: हा डोंगर आमच्या मागल्या दारातून दिसायचा, या ओढ्याला वैशाखातही बर्फाचे पाणी असायचे, हा आगा माझ्या आजोबांना ओळखत होता. एकदा मी तिला विचारले की या गाण्यातली ही मुलगी म्हणजे तुमचा देश का. ती उठून चहाच्या किटलीखालची आच कमी करून आली आणि म्हणाली, “ती आमच्या शेजारच्या गावची होती. तिच्या बापाचे नाव पुढच्या कडव्यात आहे.” मग तिने कॅसेट पुढे सोडली, आणि खरोखरच ते नाव आले.

आता तू म्हणशील, मग मायभूमी कुठे गेली? कुठेही गेलेली नाही. ती किलाममध्ये स्वतःच्या नावाने आहे, म्हणून तर तिला प्रेयसीचा बुरखा घालण्याची गरज नाही. सीपान, आग्री, झीलानची दरी, मूशचे मैदान, जिझरा बोतान: जवळजवळ प्रत्येक किलाम कुठल्या ना कुठल्या ठिकाणाला पाय टेकवून उभे असते. सियामंद आणि खजे हे कथेतले प्रेमी पळून जातात ते सीपान पर्वतावर. तो तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपला असताना तिचा अश्रू त्याच्या गालावर पडून तो जागा होतो, आणि पुढे रानबकऱ्याने शिंगावर घेऊन कड्याखाली फेकलेल्या सियामंदासाठी ती जो विलाप करते त्यात ती त्या पर्वताशीही बोलते. पर्वत पर्वत आहे, सियामंद सियामंद आहे, आणि दोघेही तिचे आहेत. वान सरोवराच्या उत्तर काठावर हा पर्वत आजही उभा आहे, आणि तिथून उठून गेलेल्या माणसाला त्याचे नाव ऐकवले की तो रडतो. त्याला रडण्यासाठी तिसऱ्या कशाचे चिन्ह लागत नाही.

झोझानांकडे, म्हणजे उन्हाळी कुरणांकडे, तू पुरेसे लक्ष दिलेले नाहीस, आणि माझ्या मते तुझ्या प्रबंधाचे खरे बीज तिथे आहे. उन्हाळ्यात कळप घेऊन उंचावरच्या कुरणांत जायचे, काळ्या तंबूंत राहायचे. तिथे वेगवेगळ्या गावांची, टोळ्यांची माणसे शेजारी येतात, पाण्यावर, दूध काढताना मुले-मुली एकमेकांना पाहतात. शरद आला की तंबू उतरतात आणि जो तो आपापल्या वाटेने खाली जातो. शरदात गायच्या गाण्यांचा, पायिझोकांचा, स्वतंत्र प्रकार आहे. त्यांत विरह कोणाचा आणि स्थळाचा निरोप कोणता हे वेगळे करता येत नाही, कारण माणूस आणि जागा एकाच सकाळी सुटतात. इथे प्रेम हे मायभूमीचे रूपक झालेले नाही. दोन खरी दुःखे एकाच दिवशी आली आहेत. हा भेद तुला बारीक वाटेल. मला तो जन्मभर पुरला.

आणि मग पुढे काय झाले ते इतिहासात आहे. कुर्दांच्या मुलखाचा एक भाग आधीपासूनच इराणकडे होता; उरलेला उस्मानी मुलूख पहिल्या महायुद्धानंतर तुर्की, इराक आणि सीरिया यांच्यात वाटला गेला. 1920 च्या सेव्र तहात स्वतंत्र कुर्दिस्तानची जी शक्यता होती ती 1923 च्या लोझान तहात उरली नाही. ज्या वाटांनी कळप जात होते त्यांच्यावर सरहद्दी आल्या, आणि तुर्की-सीरिया सरहद्दीवर 1950 च्या दशकात सुरुंग पेरले गेले. 1930 च्या जुलैमध्ये झीलानच्या दरीत हजारो माणसे मारली गेली. 1983 च्या एका कायद्याने तुर्कीत कुर्दी भाषेच्या प्रकाशन-प्रसारणावर बंदी आली ती 1991 मध्ये उठली. त्या काळात लोकांनी कॅसेटी जमिनीत पुरून ठेवल्या. 1990 च्या दशकात गावेच्या गावे रिकामी केली गेली. तुर्की संसदेच्या चौकशी समितीने 1998 मध्ये दिलेला आकडा 3,428 गावे आणि वाड्यांचा, सुमारे 3,78,000 माणसांचा आहे. ज्याला झीलानबद्दल गायचे होते त्याने झीलानचे नाव घेऊन गायिले, मेलेल्यांची नावे घेऊन गायिले. बंदी होती म्हणून प्रेयसीच्या आड लपला, असे म्हणणे हे त्या गाणाऱ्याच्या धैर्याला कमी लेखणे आहे. ज्या घरात कॅसेट सापडली तर तुरुंग होता, त्या घरात लपवण्यासारखे काही गाण्यात नव्हते, गाणेच लपवायचे होते.

तुझ्या मार्गदर्शकांनी कुर्दी कवी अहमदे खानीचा दाखला दिला आहे. दाखला वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घे. खानीने 1690 च्या दशकात ‘मेम ऊ झीन’ हे मेम आणि झीन या प्रेमिकांवरचे काव्य लिहिले. त्याच्या प्रस्तावनेत तो कुर्द हे उस्मानी आणि इराणी सत्तांच्या कचाट्यात सापडले आहेत, त्यांच्यात एकी नाही, त्यांना आपला राजा नाही, असे उघड दुःख करतो. यावरून पुढच्या लोकांनी मेम आणि झीन म्हणजे दुभंगलेला देश आणि त्यांची ताटातूट घडवणारा बेको म्हणजे फितुरी असे समीकरण मांडले. पण ज्या कवीने देशाचे दुःख स्वतःच्या आवाजात, पहिल्याच पानांत, कोणाची भीड न ठेवता सांगितले, त्याला ते पुन्हा झीनच्या मुखवट्याआड सांगण्याचे कारण काय? त्याने दोन्ही सांगितले आणि दोन्ही वेगवेगळे सांगितले. शिवाय ज्या लोककथेवर त्याने आपले काव्य उभारले ती ‘मेमे आलान’ वाच. रोजे लेस्को या फ्रेंच अभ्यासकाने तिचा पाठ 1942 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात पऱ्या झोपलेल्या झीनला उचलून मेमच्या खोलीत आणून ठेवतात, दोघे जागे होतात आणि पहिली गोष्ट करतात ती म्हणजे भांडण: ही खोली तुझी की माझी? मग अंगठ्यांची अदलाबदल होते, आणि सकाळी मेमच्या बोटात परकी अंगठी तेवढी उरते. तिच्यासाठी तो आपले राज्य सोडून तिच्या शहरी, जिझरा बोतानला जातो आणि तिथेच मरतो. ज्याने प्रेमासाठी मायभूमी सोडली त्याच्या प्रेमाला तू मायभूमीचे रूपक म्हणणार आहेस. माझे म्हणणे खोटे ठरवायचे असेल तर आधी हे उलगडून दाखव.

देंगबेज करापेते खाचोचे नाव तुझ्या यादीत आहे, पण नुसते नाव. तो आर्मेनियन होता. 1915 च्या कत्तलीत पोरका झालेला मुलगा कुर्दी गाणी गात वाढला, पुढे सीरियात फ्रेंचांच्या फौजेत राहिला, 1946 मध्ये आर्मेनियातल्या येरेवानला गेला आणि 1955 मध्ये सुरू झालेल्या येरेवान रेडिओच्या कुर्दी प्रसारणाचा आवाज झाला. सरहद्दीपलीकडच्या तुर्कीत लोक दारे-खिडक्या लावून, रेडिओला कान लावून तो ऐकत. प्रेयसी म्हणजे कुर्दिस्तान, असे तुझे सूत्र असेल तर या आर्मेनियन पोरक्याच्या गळ्यातली प्रेयसी कोण? त्याच्या गावात त्याच्या माणसांचे काय झाले हे त्याला ठाऊक होते, आणि तरी त्याच गावांच्या नावांनी भरलेली किलामे तो त्याच गावांच्या भाषेत म्हातारपणापर्यंत गात राहिला. हे कोष्टकात बसत नाही, आणि बसू नये. तो 2005 मध्ये वारला. मला येरेवानला जाणे शक्य होते, कामे होती, पुढच्या वर्षी जाऊ असे म्हणत राहिले, आणि त्याला प्रत्यक्ष ऐकायचे राहून गेले. ही खंत कमी झालेली नाही. म्हणून तुला सांगते की तुर्कीतल्या दियारबाकिरचे देंगबेजांचे घर 2007 पासून आहे, तिथे म्हातारे देंगबेज बसून गातात. प्रबंध पुरा होण्याची वाट न पाहता जाऊन ये.

गायिका आयशे शानलाही तू शोकाच्या रकान्यात टाकून मोकळी झाली आहेस. दियारबाकिरला 1938 मध्ये जन्मलेली ही बाई. गायची म्हणून घरच्यांनी तिला दूर केले, ती इस्तंबूलला गेली, जर्मनीत राहिली, बगदादच्या रेडिओवर गायिली आणि 1996 मध्ये इझमिरला वारली. परक्या मुलखात राहून तिने आईला उद्देशून गायिलेले गाणे ऐकताना घाई करू नकोस. तिथे ‘आई’ म्हणजे मायभूमी असे लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण वाक्य छान वळते. ती तिची आई होती, जिला ती भेटू शकत नव्हती, आणि भेटू न देणारे सगळेच काही परके नव्हते. घरचे होते, गावचे होते. आईला देश केले की घरच्यांचा अपराध पुसला जातो. रूपक असे कुणाकुणाला सोडवते पाहा.

एक गोष्ट मान्य करते. 1970 नंतर शहरांत, चळवळीत आणि परदेशांत रचलेल्या गाण्यांत देशाला जाणूनबुजून प्रेयसी केलेले आढळते. गायक शिवान पर्वर 1976 मध्ये तुर्की सोडून गेला, त्याच्या पिढीच्या गाण्यांबद्दल तुझ्या मित्राचे म्हणणे पुष्कळसे खरे आहे. ती गाणी मोठी आहेत आणि त्यांचा वेगळा अभ्यास व्हावा. पण त्यांची किल्ली घेऊन जुन्या किलामांची कुलुपे उघडू नकोस. तुझा मित्र त्या गाण्यांवर वाढला आहे. त्याच्या आजीला विचार.

हेच सगळे मी एका लेखात मांडले होते. ज्या नियतकालिकाकडे तो पाठवला त्यांनी कळवले की लेख उत्तम आहे, फक्त प्रेमगीतांचा राष्ट्रीय आशय ठळक करावा, म्हणजे वाचकांना विषयाचे महत्त्व पटेल. मी केला नाही. लेख पडून राहिला, ज्या व्याख्यात्यांच्या जागेसाठी तो उपयोगी पडला असता ती जागाही गेली, आणि माझ्या बरोबरीच्या लोकांनी मला हेकट ठरवले. त्या वेळी दोन परिच्छेद घातले असते तर काय बिघडले असते, असे मला आजही विचारतात. खालच्या मजल्यावरच्या त्या म्हातारीला तिच्या शेजारच्या गावच्या मुलीबद्दल मी काय लिहिले आहे हे मला एक दिवस वाचून दाखवावे लागले असते, इतकेच बिघडले असते. मला ते जमले नसते. मी बरोबर होते असे मला तेव्हा वाटत होते आणि आज अधिक वाटते. तुझ्यापुढे शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे हे मला कळते, आणि तरीही तुला वेगळा सल्ला देता येत नाही.

आपण कुर्द नाही, मग आपल्याला यावर लिहिण्याचा अधिकार आहे का, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. या प्रश्नावर तू तीन पाने खर्च केलीस आणि क्रियापदांची रूपे मात्र अजून चुकतात. अधिकाराची चिंता भाषा आल्यावर कर. आधी कान तयार होऊ देत. इंग्रजी आणि जर्मन अनुवाद बाजूला ठेव, एक किलाम घे, आणि ते पाठ होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नकोस. किती मोठे आहे म्हणून घाबरू नकोस. देंगबेज लिहिता-वाचता न येताही अशी शेकडो पाठ ठेवत. एवदाले झेनिके हा एकोणिसाव्या शतकातला सगळ्यांत मोठा देंगबेज, आपल्या आईच्या नावाने ओळखला जाणारा. म्हातारपणी त्याचे डोळे गेले आणि मोडक्या पंखाच्या क्रौंच पक्ष्याला उद्देशून तो गात राहिला, असे सांगतात. त्या क्रौंचाचेही लोकांनी राष्ट्र केले आहे. त्याचा पंख मोडला होता, याचे डोळे गेले होते, आणि दोघांनाही थवा सोडून गेला होता. मला त्या गाण्यात यापुढचे काही शोधावेसे वाटत नाही, आणि त्या पंखावरून मी अजून पुढे सरकलेली नाही.

पुढच्या पत्रासोबत कोष्टक नको. दरवेशे एवदीचा एका देंगबेजाने गायिलेला पाठ संपूर्ण लिहून पाठव, ‘लो’ आणि ‘ले’ एकही न गाळता. समासात प्रत्येक कडव्यापाशी तीनच गोष्टी लिही: कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, आणि कोणत्या ठिकाणाचे नाव आले. ठिकाणांची नावे नकाशावर सापडली नाहीत तर जुनी नावे बदलली गेली आहेत हे लक्षात ठेव आणि मित्राच्या आजीला फोन कर. कुठे अडलीस तर कडव्याचा क्रमांक लिही, मी माझ्या प्रतीत पाहून कळवीन. थंडी वाढली असेल, पायमोजे दुहेरी घाल.

तुझ्या
बाई